पाठीमागची भिंत

माझी आत्या भित्री आहे. हे मी तिच्या पाठीमागे बोलत नाही, तोंडावर बोलते, आणि तीही ते नाकारत नाही. घरात तिचं नावच भागूबाई पडलंय. पुढचं 'भित्री' आता कुणी लावतही नाही. गॅस बंद केलाय का, हे बघायला ती अख्खा जिना उतरून आलेली परत वर जाते. लिफ्टमध्ये तिने आजवर पाय ठेवलेला नाही. समोरून कुत्रा आला की रस्ता बदलते, आणि बदलायला दुसरा रस्ता नसेल तर कुणातरी अनोळखी माणसाला "जरा कोपऱ्यापर्यंत सोबत चलता का?" असं विचारून त्याच्या आडोशाने जाते. लग्न का केलं नाहीस, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "एकटीची काळजी करताना जीव मेटाकुटीला येतो, आणखी एकाची कुठे करत बसू?"

मी विमा विकते. आत्या माझं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात निष्ठावान गिऱ्हाईक. आग, चोरी, अपघात, पूर, काचा फुटणं, काय वाट्टेल ते. तिच्यासारखी माणसं आणखी दहा भेटली असती तर मी आत्तापर्यंत साहेबीण झाले असते.

तिचा स्वतःचा फोटो स्टुडिओ आहे. शिंप्याचं दुकान आणि जिना यांच्या मधल्या बोळकांडीत. राहायला ती वरच्या मजल्यावर. ओळखपत्राचे फोटो, शाळेच्या वर्गांचे फोटो, आणि कधीतरी नटूनथटून आलेलं एखादं कुटुंब. खोली लांबट आणि अरुंद. एका टोकाला पडदा आणि त्याच्यापुढे स्टूल, दुसऱ्या टोकाला कोरी भिंत. मधे काही म्हणजे काही ठेवायचं नाही, हा तिचा कायदा. एकदा मी तिथे माझी पिशवी ठेवली होती, तेव्हा तिने ती उचलून थेट जिन्यात नेऊन टाकली होती.

त्या कायद्याला कारण होतं. तिच्या कॅमेऱ्याची लेन्स जवळ-लांब न होणारी, साधी. समोरची माणसं चौकटीत बसवायची तर स्वतः मागे सरकावं लागतं. आत्या कॅमेरा डोळ्याला लावायची आणि मागे मागे चालत जायची, वळून न बघता, समोरच्यांशी बोलत. "आजोबा, हनुवटी खाली. ताई, त्या बाळाच्या तोंडातली चावी काढा. हं. थांबा हं, भिंत लागू दे." पाठ भिंतीला टेकली की ती भिंतीवर भार टाकायची, श्वास रोखायची आणि खटका दाबायची. टेकल्याशिवाय कधीही नाही. इतर फोटोग्राफर तीन पायांचा स्टँड घेऊन फिरतात, तो तिच्याकडे नव्हताच. "माझा स्टँड भिंतीतच बांधलाय," असं म्हणायची. तीसेक वर्षं पाठ टेकून टेकून तिथला रंग उडाला होता आणि खांद्याच्या उंचीवर एक तुळतुळीत काळपट डाग पडला होता. बाबा त्याला ताईची खुर्ची म्हणायचे.

सगळ्या जगाला घाबरणारी ही बाई त्या एवढ्या चालण्यात मात्र कशालाच घाबरायची नाही. उलट चालताना तिचा चेहरा जितका निवांत असायचा तितका मी तो झोपेतही पाहिलेला नाही.

आता पडद्याबद्दल सांगायला हवं. पडदा हाताने रंगवलेला होता, पानगळीतल्या रानाचा. मधून एक वाट आत गेलेली आणि दोन्ही बाजूंना लालपिवळी झाडं. दुकान घेतलं तेव्हा तो दुकानाबरोबरच आला होता. लहान मुलं त्या वाटेवरून आत चालत जायला बघायची आणि नाक आपटून घ्यायची. मीही आपटलंय. पण वर्षानुवर्षं दिव्यांच्या झोतात राहून त्यातला लाल रंग विटला, पिवळ्याचा चिखल झाला, आणि एका झाडाच्या बुंध्याला पाठीमागून चिकटपट्टी लावायची पाळी आली.

एके दिवशी एक बाई आपल्या सासऱ्यांना घेऊन आली. फोटो छान निघाला, म्हातारबुवा खूश झाले. जाता जाता त्या बाईने विचारलं, "मागचं ते कॉम्प्युटरवर पुसून टाकता येईल ना हो?" आत्या "येईल" म्हणाली. संध्याकाळी मी गेले तेव्हा ती दुकानाचं दार आतून लावून गिऱ्हाइकाच्या स्टुलावर बसली होती आणि पडद्याकडे बघत होती.

"मी खरी पानगळ आणते," ती म्हणाली. "फोटो काढते आणि कापडावर मोठा छापून घेते. एवढा. भिंतभर."

बाबांनी तिला समजावून पाहिलं. "ताई, नेटवर ढिगाने फोटो पडलेत. एक उचल, दे छापायला. कोण विचारतंय?"

"दुसऱ्याने काढलेल्या फोटोपुढे माझी गिऱ्हाइकं उभी करू? मग मी कशाला हवी तिथे?"

मी म्हटलं, मी येते सोबत. तर म्हणाली, "तू आलीस तर वाटेत मला तुझी काळजी लागेल. माझी मी बरी." भागूबाई एकटी गाडी घेऊन डोंगरात निघाली होती आणि कारण काय, तर तिला काळजी नको होती.

तिची गाडी म्हणजे एक जुनी छोटी डबी. शाळांमधून फोटो काढायला जाताना सामान न्यायला घेतलेली. ती अशी चालवते की सायकलवाले घंटी वाजवून पुढे जातात. निघायच्या आधी तिने ब्रेक दाखवून आणले, मग दुसऱ्या मेकॅनिककडे जाऊन पहिल्याने नीट बघितलेत का ते दाखवून आणलं. डिकीत दोर, घोंगडं, पाणी, टॉर्च, आणि टॉर्च बिघडला तर म्हणून आणखी एक टॉर्च. गळ्यात खेळाच्या दुकानातून आणलेली लाल शिट्टी. बाबा म्हणाले, "निघाल्या रेफरी!" ती हसली नाही. तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, "उद्या दुपारचा चहा मी लॉजवर परत येऊन घेणार आणि तुला फोन करणार. फोन नाही आला तर समज."

"काय समजू?"

"विम्यात आहेस ना? समज."

पुढचं सगळं तिने मला नंतर सांगितलं, तेही सलग नाही. आज थोडं, चार दिवसांनी थोडं. मधेच थांबायची आणि "जाऊ दे" म्हणायची. ते मी जोडून लिहितेय.

घाट लागेपर्यंत ठीक होतं. घाटात धुकं उतरलं. काचेपुढचं चार हात दिसेना, आणि मागे एक ट्रक येऊन चिकटला. तो हॉर्न वाजवायचा तशी तिची मान खांद्यात जायची. बाजूला घ्यावं तर बाजू कुठे संपते ते दिसत नव्हतं. तिने दोन्ही हातांनी चाक आवळून धरलं आणि मोठमोठ्याने स्वतःशीच बोलायला लागली, "हनुवटी खाली. खांदे सैल. हं." गिऱ्हाइकांना सांगते तेच. शेवटी एका वळणावर रस्ता रुंद झाला आणि ट्रक घसटत पुढे निघून गेला. तिथे ती थांबली. हात चाकावरून सुटेनात, तेव्हा तिने एकेक बोट सोडवलं. परत फिरावं असं तिला मनापासून वाटलं. पण फिरायचं तर त्या धुक्यात गाडी आडवी घालावी लागली असती, आणि त्याची भीती पुढे जाण्यापेक्षा जास्त होती. म्हणून ती पुढे गेली. आत्याच्या आयुष्यातले बरेच निर्णय असेच झालेत.

लॉजवर ती एकटीच पाहुणी. लॉजचा कारभार एका धिप्पाड बाईकडे होता. तिचा नवरा खालच्या वस्तीत गाडीने दूध पोचवायचा. अंगणात काळा, वासराएवढा कुत्रा. आत्याने काचा वर केल्या आणि कुत्रा बांधेपर्यंत हॉर्न वाजवला. काचेआडून त्याचा एक फोटोही काढला.

"तो कशाला?" लॉजवालीने विचारलं.

"चावला तर पुरावा."

लॉजवाली पोट धरून हसली. खोलीची कडी नीट बसत नव्हती, म्हणून आत्याने दाराला खुर्ची लावली आणि सकाळपर्यंत खुर्चीकडे बघत पडून राहिली.

सकाळी धुकं होतं, म्हणून ती थांबली. दुपार व्हायच्या सुमाराला जरा ऊन पडलं. लॉजवालीने तिला सांगितलं, वरच्या वळणापाशी गाडी ठेवा, तिथून पायवाट आहे, पायवाटेच्या शेवटी मोकळी जागा आणि एकच मोठं झाड. "रान सगळीकडेच लाल झालंय हो, पण ते झाड बघत राहाल." आत्याने तिच्याकडून ते सगळं परत म्हणून घेतलं. कुठे जातेय, कधी येणार, नाही आले तर कुणाला फोन करायचा. "म्हणा बघू पुन्हा." गाडीची जादा किल्लीही तिच्या हातात दिली.

"बाई, डोंगरावर निघालात की लढाईवर?" लॉजवाली म्हणाली. पण किल्ली तिने कमरेला खोचली.

वळणापाशी गाडी लावून आत्याने तिचे दिवे चालू ठेवले, कुणी येऊन धडकू नये म्हणून. मग ती पायवाटेला लागली. ती वाट कितीशी असेल, पंधराएक मिनिटांची. त्या वाटेबद्दल बोलताना तिचा आवाज आजही खाली येतो.

रानात वारा नव्हता, तरी पानं पडत होती. टप. मग बराच वेळ काही नाही. मग टप. तिचे पाय पाचोळ्यात बुडत होते आणि प्रत्येक पावलाला मोठा खसखसाट व्हायचा. ती थांबली की तो खसखसाट तिच्यानंतर क्षणभराने थांबायचा. निदान तिला तसं वाटलं. मागे कुणीतरी आहे आणि ते आपल्या पावलांत पावलं मिसळून चालतंय, असं एकदा डोक्यात बसलं ते बसलंच. ती चार पावलं चालायची आणि मागे वळून बघायची. झाडं, वाट, पानं. पुन्हा चार पावलं, पुन्हा मान मागे. एकदा तर ती उलटी वळून उभी राहिली आणि म्हणाली, "कोण आहे? मी बघितलंय तुम्हाला." कुणी नव्हतं. शिट्टी तिने दातांत धरून ठेवली होती.

आणि मग ते झाड आलं.

शेंड्याला लाल, मधे पिवळं, आणि खालच्या फांद्यांना अजून हिरवं. उन्हाची एक तिरीप नेमकी त्याच्यावर पडली होती. बुंध्यापासून एक वाट आत रानात गेली होती, अगदी पडद्यातल्यासारखी. आत्याने शिट्टी तोंडातून सोडली आणि कॅमेरा डोळ्याला लावला.

"कॅमेरा लागला आणि भीती गेली गं," तिने मला सांगितलं. "एकदम. दिवा घालवल्यासारखी."

चौकटीत फक्त बुंधा मावत होता. ती मागे सरकली. खालच्या फांद्या आल्या. आणखी मागे. पिवळं आलं. इतका वेळ दर चार पावलांना मागे बघणारी आत्या आता मागे बघत नव्हती. डोळा समोर, पाठ मागे, आणि तिची पाठ नेहमीप्रमाणे भिंतीची वाट बघत होती. ती झाडाशी बोलतही होती. "हं. जरा थांब. शेंडा कापला जातोय. आलं, आलं." आणखी मागे. लाल शेंडा आला, त्याच्यावर बोटभर आभाळ आलं, खाली वाट आली. सगळं आलं. एवढं सुंदर काही तिने त्या काचेतून कधी पाहिलं नव्हतं. बोट खटक्यावर होतं.

"भिंत लागू दे," ती म्हणाली आणि आणखी एक पाऊल मागे टाकलं. पायाखाली पानं होती. पानांखाली काही नव्हतं.

ती पडली ती आधी पाठीवर, मग कुशीवर, मग नुसती घसरत. ओरडायलाही वेळ मिळाला नाही. पाचोळ्याचा एक ढीग तिच्याबरोबर घसरत आला आणि एका वाकड्या झुडपाच्या बुंध्यात तिची कंबर अडकली. बरगडीत काहीतरी कटकन वाजलं. डावा पाय तिच्या इच्छेविरुद्ध भलतीकडे वळलेला होता. कॅमेऱ्याचा पट्टा गळ्याला आवळला जात होता. तिने पट्टा डोक्यावरून काढून फांदीला अडकवला, एका हाताने, कारण दुसरा हात बुंध्यावरून काढायची तिची हिंमत नव्हती.

मग एक खडा तिच्या टाचेखालून सुटला. तो घरंगळत गेल्याचं तिला ऐकू आलं. पडल्याचं ऐकू आलं नाही.

आत्याने आयुष्यभर जेवढी भीती साठवली होती तेवढी सगळी त्या झुडपात खर्ची पडली असती तरी चाललं असतं. पण ती संपत नव्हती. श्वास मोठा घेतला की बरगडीतून कळ यायची आणि अंग हलायचं, अंग हललं की बुंध्याच्या मुळाशी माती भुरभुरायची. म्हणून ती ओठाच्या टोकाने श्वास घेत राहिली. शिट्टी गळ्यातच होती. ती वाजवायची तर छाती भरून श्वास हवा. वाजवली तर बुंधा सुटेल. नाही वाजवली तर कुणाला कळणार? तिने किती वेळ हाच विचार केला ते तिला सांगता येत नाही. ऊन झाडांवरून निघून गेलं आणि धुकं परत उतरायला लागलं, तेव्हा तिने पहिल्यांदा शिट्टी वाजवली. माती भुरभुरली. बुंधा राहिला. ती रडायला लागली, पण हळू, अंग हलणार नाही अशी.

इकडे मी ऑफिसात. चहाची वेळ झाली तेव्हा मी फोन टेबलावर सुलटा करून ठेवला. आत्या वेळेची पक्की. ती उशीर करत नाही, उशिराची तिला भीती वाटते. चहा निवला. मला आधी राग आला, मग रागावून किती वेळ झाला ते बघितलं. तिचा फोन लावला, लागेना. समोर एक गिऱ्हाईक बसलं होतं, अपघाताच्या विम्याबद्दल विचारत होतं, आणि मी त्याला काय सांगितलं ते मला आजही आठवत नाही. मी लॉजवर फोन लावला.

"आल्या नाहीत अजून," लॉजवाली म्हणाली. तिचा आवाज बदलला. "थांबा, मीच जाते."

"कुठे गेलीय ते माहितीय का तुम्हाला?"

"पाठ करून घेतलंय हो माझ्याकडून," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

त्यानंतर फोन येईपर्यंत मी काय केलं? काही नाही. बाबा येऊन माझ्या शेजारी बसले. मी रोज लोकांना सांगते, काय काय होऊ शकतं ते. पाय घसरू शकतो, गाडी घसरू शकते, दरड येऊ शकते. ते माझं कामच आहे, मला ते सगळं तोंडपाठ आहे. त्या संध्याकाळी ते तोंडपाठ असणं मला सोसवत नव्हतं. बाबा मधेच म्हणाले, "रेफरी म्हणालो मी तिला," आणि त्यांनी तोंड फिरवलं. मी फार घाबरले होते. याहून वेगळ्या शब्दांत ते सांगता येत नाही.

तिकडे धुकं इतकं दाट झालं होतं की आत्याला स्वतःचा पाय दिसेना. शिट्टी ती थांबून थांबून वाजवत होती. आणि मग वर खसखसाट झाला. पावलं होती, पण माणसाची नाहीत. पाचोळा तुडवत, हुंगत, थेट तिच्या डोक्यावरच्या काठापर्यंत काहीतरी आलं आणि भुंकलं.

लॉजचा काळा कुत्रा. काठाशी येऊन तो जीव खाऊन भुंकत होता आणि त्याच्या पायांनी माती तिच्या तोंडावर पडत होती. "तेव्हा मला वाटलं, आता संपलं," आत्या म्हणाली. "दरीत पडून नाही, कुत्रा चावूनच मरणार मी." हे सांगताना ती पहिल्यांदा हसली, आणि तिने बरगडीला हात लावला.

मागून हाक आली. "बाई! शिट्टी वाजवत राहा! थांबू नका!"

गाडीचे दिवे धुक्यातही लांबून दिसले होते. लॉजवालीने त्या किल्लीने डिकी उघडून तिचाच दोर घेतला होता, आणि दुधाच्या गाडीवरून परतलेल्या नवऱ्याला ओढत आणलं होतं. नवरा दोर बांधून खाली उतरला. आत्या बुंधा सोडेना. "सोडा हो, धरलंय मी तुम्हाला," तो सांगत राहिला, तरी सोडेना. शेवटी त्याने तिची बोटं एकेक करून सोडवली. जाता जाता त्याने फांदीवरचा कॅमेराही खांद्याला लावला.

आम्ही हॉस्पिटलात पोचलो तेव्हा तिच्या पायाला प्लास्टर झालं होतं. बाबांना बघून तिने पहिलं वाक्य म्हटलं ते, "दुकानाचं कुलूप ओढून बघितलंस का?" बाबा ओक्साबोक्शी रडले. मग तिने मला झाडाचं सांगितलं, सगळं चौकटीत आलं होतं म्हणाली. मी कॅमेरा हातात घेतला. पुढची काच तडकली होती, पण आतलं सगळं शाबूत होतं. मला वाटलं, निदान तिला तिचं झाड तरी दाखवावं. मी एकेक फोटो पुढे सरकवत गेले. गाडी. लॉजचा ओटा. काचेआडचा कुत्रा. आणि संपलं.

"झाड कुठाय?" मी विचारलं.

आत्या छताकडे बघत होती. "काढलं नाही."

"म्हणजे? तू तर म्हणालीस सगळं आलं होतं चौकटीत."

"आलं होतं ना. शेंड्यापासून वाटेपर्यंत." तिच्या डोळ्यांच्या कडांतून पाणी उशीवर उतरलं. "मी भिंतीची वाट बघत होते गं."

ती हॉस्पिटलात असताना बाबांनी तिच्यासाठी स्टुडिओ रंगवून घेतला. घरी आल्यावर तिला बरं वाटावं म्हणून. खोली लख्ख दिसत होती. आत्या काठी टेकत आत आली, पडद्याकडे तिने बघितलंही नाही. ती थेट पलीकडच्या टोकाला गेली आणि भिंतीवरून हात फिरवत राहिली. डाग गेला होता. बाबांना वाटलं, रंग कसा बसलाय ते बघतेय. "मस्त झालंय ना ताई?" ते म्हणाले. "मस्त झालंय," ती म्हणाली.

जुना पडदा तसाच आहे. चिकटपट्टी बदललीय. पुन्हा जायचं नाव ती काढत नाही आणि आम्हीही काढत नाही.

मागच्या आठवड्यात मला ऑफिसच्या ओळखपत्रासाठी फोटो हवा होता. "तसला छोटा नको, पूर्ण काढ," मी म्हटलं, "पडद्यासकट." खरं तर मला तिला तसं मागे चालताना बघायचं होतं. मी स्टुलावर बसले. तिने कॅमेरा डोळ्याला लावला. "हनुवटी खाली. खांदे सैल." एक पाऊल मागे. दुसरं. मग तिचा डावा हात कॅमेऱ्यावरून निघून पाठीमागे गेला आणि हवेत चाचपडायला लागला. चेहऱ्यावर तो निवांतपणा कुठेच नव्हता. भिंत अजून बरीच लांब होती.

ती थांबली. कॅमेरा डोळ्यावरून काढला नाही.

"पोरी," ती म्हणाली, "मागे भिंत आहे ना?"

"आहे, आत्या. ये."

ती हलली नाही.

"नीट बघून सांग."

मी नीट बघितलं. नव्या रंगाची, कोरी, एकही डाग नसलेली भिंत तिथे होती. "आहे," मी म्हटलं. आणि उठून तिच्या मागे जाऊन उभी राहिले, भिंतीला पाठ लावून, हात पुढे करून. स्टूल रिकामंच होतं. ती रिकाम्या स्टुलावर डोळा ठेवून हळूहळू मागे येत राहिली, माझ्या हातांना तिची पाठ लागेपर्यंत.